चेहऱ्यात हाड किती आणि चरबी किती?

मातीकाम

नमस्कार मंडळी. मी व्यक्तिशिल्पं करतो. समोर माणूस बसवायचा आणि त्याचं डोकं मातीत उभं करायचं, हे टिळक रोडवरच्या अभिनव कला महाविद्यालयात शिकलो आणि आजतागायत तेच करतोय. त्यामुळे कुणाचाही चेहरा बघताना मला आधी हाडं दिसतात, त्यावर काय चढलंय ते नंतर.

धागा काढायचं कारण घरातलंच आहे. भाचा बारावीला आहे, शिकायला आमच्याकडे राहतो. अंगानं काटकुळा, पण गाल गोबरे, थेट त्याच्या आजीसारखे. ते गाल त्याला नको झालेत. मोबाइलवर धारदार जबड्यांचे व्हिडिओ बघून रबराचा गोळा चावत बसतो, रात्री पाणी पीत नाही, घरातल्या कुठल्याही फोटोत सरळ बघत नाही. परवा मामीला विचारत होता, गालातली चरबी काढून टाकायला किती खर्च येतो. मला फार वाईट वाटलं. इतक्या देखण्या वयात पोराला स्वतःच्या तोंडाचा राग यावा!

मला कामातून जे कळतं ते आधी सांगतो. डोकं करायला घेतलं की पहिल्यांदा कपाळाचे उंचवटे, भुवईची कड, गालाचं हाड, जबड्याचा कोन आणि हनुवटीचं टोक एवढंच पक्कं करतो. इथे कातडीखाली लगेच हाड लागतं, बोटानं चाचपून बघा. पण गालाच्या हाडापासून जबड्याच्या कडेपर्यंतचा जो पट्टा आहे, तिथे वरून दाबलं तर आत दात आणि तोंडाची पोकळी लागते. तिथला आकार स्नायूंचा आणि चरबीचा. माणूस ओळखू येतो तो हाडांच्या जागांमुळे. तो तरुण दिसतो, दमलेला दिसतो की आजारी, हे बरंचसं या मधल्या पट्ट्यावर ठरतं. हाडांच्या जागा चुकल्या तर वरून कितीही माती थापा, माणूस सापडत नाही. जागा बरोबर असल्या तर तोच माणूस दहा किलोनं सुटला तरी बघणारा नाव घेतो.

आणि रुंद चेहरा म्हणजे जाड चेहरा, ही आपल्याकडची सरसकट गैरसमजूत. मागे एका तालमीतल्या वस्तादांचं डोकं केलं. सगळे म्हणत, वस्तादांचं तोंड केवढं गुबगुबीत! मी मापं घेताना गालाची चिमूट धरली तर बोटांत जवळजवळ नुसती कातडी आली. रुंदी होती गालाच्या हाडांची. दात आवळायला सांगितले तर जबड्याच्या कोनावरचा स्नायू दगडासारखा वर आला. चरबी तिथे नव्हतीच.

इथे डॉक्टर मंडळी आहेत म्हणून विचारतो. या वयात चेहऱ्यातलं काय आपोआप बदलणार आहे, काय बदलता येतं, आणि कशाला हात लावू नये? भाच्याला मी सांगून पटत नाहीये. तो हा धागा वाचेल.

सोनचाफा

चांगला विषय. वाचतेय.

अक्कलदाढ

मातीकाम, बरं केलंत लिहिलंत. मी तोंड आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करते, कर्वे रोडला ओपीडी असते. हा प्रश्न घेऊन येणारी मुलंमुली अलीकडे खूप वाढलीत, आणि बहुतेक वेळा मी त्यांना काहीही न करता घरी पाठवते. का, ते जरा सविस्तर लिहिते.

चेहऱ्यावरची चरबी हा एकसंध थर नाही. २००७ साली अमेरिकेत रोरिच आणि पेसा या दोघांनी मृतदेहांच्या चेहऱ्यात निळा रंग टोचून पाहिला. रंग सगळीकडे पसरला नाही, ठरावीक कप्प्यांत अडून राहिला. चेहऱ्यात असे अनेक कप्पे आहेत, काही कातडीलगत, काही स्नायूंच्या खाली खोल. त्यांच्यामध्ये पडद्यांसारखे तंतू आहेत. म्हणून वजन उतरताना किंवा वय होताना सगळा चेहरा सारखा उतरत नाही. एकीकडे खळगा पडतो, दुसरीकडे तसंच भरलेलं राहतं.

भाचा ज्या चरबीबद्दल विचारतोय तिला बुक्कल फॅट पॅड म्हणतात. गालाच्या आत खोलवर, चावायच्या स्नायूच्या पुढे बसलेली मऊ गादी, प्रत्येक बाजूला सरासरी दहा मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे दोन छोटे चमचे. अठराव्या शतकात हाइस्टर नावाच्या जर्मन सर्जनला ती ग्रंथी वाटली होती. ती चरबी आहे हे एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला फ्रान्सच्या बिशा यांनी ओळखलं, म्हणून अजूनही तिला त्यांचं नाव आहे. तान्हं बाळ दूध ओढतं तेव्हा गाल आत खेचले जाऊ नयेत, हे तिचं पहिलं काम. मोठेपणी स्नायू एकमेकांवर सहज सरकावेत म्हणून ती राहते. वजन थोडं वरखाली झालं म्हणून ती फारशी बदलत नाही. त्यामुळे काटकुळ्या अंगावर भरलेले गाल यात नवल काही नाही.

ती काढायची शस्त्रक्रिया तोंडाच्या आतून होते, बाहेर व्रण दिसत नाही, म्हणून लोकांना ती किरकोळ वाटते. पण त्याच जागेतून चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या शाखा जातात आणि गालातल्या लाळग्रंथीची नळी जाते. आणि एकदा काढलेली गादी परत येत नाही. पंचविशीत हवेहवेसे वाटणारे आत गेलेले गाल पंचेचाळिशीत खप्पड दिसतात, कारण तोपर्यंत बाकीची चरबीही ओसरायला लागलेली असते. मग तीच माणसं दुसरीकडची चरबी गालात भरून घ्यायला येतात. सतराव्या वर्षी तर हा विचारच नको.

कारण सतराव्या वर्षी चेहरा अजून पुरा झालेला नसतो! सगळ्यात उशिरापर्यंत वाढतो तो खालचा जबडा. मुलींमध्ये साधारण सोळा-सतराला वाढ थांबत येते, मुलांमध्ये अठरा-वीसपर्यंत आणि काहींत त्याहीपुढे थोडीफार चालू राहते. हनुवटी पुढे येते, जबड्याचा कोन भरतो, नाकाचं हाड उठून दिसायला लागतं. गाल तेवढेच राहिले तरी भोवतीची चौकट मोठी झाल्यामुळे ते कमी वाटतात. भाच्याला त्याच्या मामाचा किंवा वडिलांचा सतराव्या वर्षीचा फोटो आणि पंचविसाव्या वर्षीचा फोटो शेजारी ठेवून दाखवा.

रबरी गोळ्याबद्दल. जबड्याच्या कोनावर बोटं ठेवून दात आवळले की जो फुगतो तो मॅसेटर. व्यायामानं तो वाढतो, म्हणजे खालचा चेहरा रुंद आणि चौकोनी होतो. गालातली चरबी त्यानं तसूभरही कमी होत नाही. एखाद्या जागेचा स्नायू वापरला म्हणून तिथलीच चरबी जळते, असं शरीर चालत नाही. माझ्याकडे असे गोळे चावून कानापुढचा सांधा दुखावलेली मुलं येतात, तोंड उघडताना कट्कन आवाज, जांभई देताना कळ. गोळा आजच बंद करायला सांगा. आणि पाणी तोडणं तर अजिबात नको.

सिंहगडवाली

माझा अनुभव उलटा आहे. दर रविवारी सिंहगड आणि जेवणावर नियंत्रण, यानं बरंच वजन उतरवलं. साखर नॉर्मलला आली, गुडघे दुखायचे थांबले. आणि लग्नकार्यात जो भेटेल तो विचारतो, काय गं, आजारी होतीस का, तोंड किती उतरलंय. सासूबाई तर म्हणाल्या, चेहऱ्यावरचं तेज गेलं. इतके कष्ट करून हे ऐकायला लागलं की रडू येतं. चेहऱ्यावरचं परत भरून येतं का?

तपासणी

सिंहगडवाली ताई, आधी तुमचं मनापासून अभिनंदन. साखर नॉर्मलला आणणं ही फार मोठी गोष्ट आहे, लग्नातल्या कुणाच्याही शेऱ्यापेक्षा मोठी. वजन भराभर उतरलं की कातडीला आवळायला वेळ मिळत नाही, म्हणून चेहरा सैल आणि ओढलेला दिसतो. वजन एका जागी स्थिर राहिलं की पुढच्या काही महिन्यांत तो थोडा सावरतो. विशीत जास्त, पन्नाशीत कमी. जेवणात डाळी, उसळी, दूध, अंडी पुरेशी ठेवा म्हणजे चरबीबरोबर स्नायू जाणार नाहीत. डोंगरावर जाताना उन्हापासून चेहरा जपा, कारण ऊन कातडीतला ताण घालवतं. धावणाऱ्यांचे गाल आदळआपटीनं लोंबतात असं जे ऐकायला मिळतं त्यात तथ्य नाही. चरबी कमी आणि ऊन जास्त, एवढंच त्याचं कारण.

आता वजन उतरवायची इंजेक्शनंही आली आहेत. भारतात २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आलं, जूनमध्ये वेगोवी. ती घेणाऱ्यांचाही चेहरा असाच उतरतो. औषध चेहऱ्यावर वेगळं काही करतं असं नाही, वजन वेगानं गेल्याचा तो परिणाम.

मी जनरल फिजिशियन आहे आणि मला या धाग्यावर एक गोष्ट ठासून सांगायची आहे: चेहऱ्यावरून कुणाच्या चरबीचा अंदाज बांधू नका. निदान पुण्यात तरी हे सगळ्यांना माहीत हवं, कारण ते काम इथेच झालंय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी एकच, २२.३. युडकिन यांच्या शरीरातली चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरातली २१.२ टक्के. हे जन्मापासूनच असतं. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं लहान, स्नायू कमी, पण चरबी त्या मानानं टिकून. म्हणून गालफडं बसलेला, दंड बारीक असलेला माणूस पोटात चरबी आणि रक्तात साखर घेऊन माझ्याकडे येतो, आणि घरचे म्हणतात, याला कसा काय मधुमेह, हा तर वाळलेला! दुसरीकडे गोलमटोल तोंडाच्या मुलीचे सगळे रिपोर्ट उत्तम असतात आणि तिला जो तो डाएट सांगत असतो.

नेगेटिव्ह

लक्ष्मी रोडजवळ आमचा फोटो स्टुडिओ आहे, वडिलांच्या वेळेपासून. भाच्यासाठी एक सांगतो. मोबाइल हातभर अंतरावर धरून काढलेला फोटो खरा चेहरा दाखवत नाही. जवळची गोष्ट मोठी दिसते, लांबची लहान. नाक आणि गालाचा पुढचा भाग फुगतो, कान आणि जबड्याची कड मागे पळते. अमेरिकेत याचं गणित मांडून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं: पाच फुटांवरून दिसतं त्यापेक्षा एक फुटावरून नाक जवळपास ३० टक्के रुंद दिसतं. सेल्फी बघून नाकाचं ऑपरेशन मागणारे लोक वाढले म्हणून तो अभ्यास झाला होता.

त्याला एकदा पाच-सहा फुटांवर उभं करा, खिडकीचा उजेड एका बाजूनं येऊ द्या, फोन झूम करून कुणीतरी दुसऱ्यानं फोटो काढा. गालाचं हाड आणि जबडा दोन्ही दिसतील. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली तर कुणाच्याही डोळ्यांखाली खड्डे पडतात.

उत्खनन

मी डेक्कन कॉलेजमध्ये पुरातत्त्व शिकलो. नाकी-डोळी नीटस, दोन्ही बाजू सारख्या, असा चेहरा हल्ली मुलं ॲपवर मोजतात आणि डावा-उजवा फरक दिसला की खचतात. आमच्याच कॉलेजमध्ये १९३९ पासून शिकवणाऱ्या इरावती कर्वे यांनी बर्लिनला पीएचडी केली ती नेमकी याच विषयावर, माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकावर. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचा कयास होता की हा फरक वंशाशी जोडलेला आहे. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध निघत नाही असं प्रबंधात लिहिलं, तेही त्याच फिशर यांच्या हाताखाली राहून. काय धैर्य लागलं असेल त्या काळात एका पुण्याच्या बाईला! त्यांच्या कामानं ठळक केलेली गोष्ट अशी की कवटी बिनफरकाची नसतेच. सांगाडे हाताळणाऱ्या कुणालाही विचारा, दोन्ही डोळ्यांच्या खोबण्या तंतोतंत सारख्या असलेली कवटी शोधून सापडत नाही.

सांगाड्यांतून आणखी एक दिसतं. म्हाताऱ्या माणसाचा, दात पडून गेलेला खालचा जबडा हातात घेतला तर तो बोटभर जाडीची कमान उरलेली असते. दातांची हाडाची कड पूर्ण जिरून गेलेली.

कट्टा_एफसी

मी एकोणीसचा आहे, हॉस्टेलला राहतो. हा धागा वाचून पहिल्यांदाच लिहितोय. मी जीभ टाळूला चिकटवून ठेवायचा सराव करतो, त्यानं वरचा जबडा पुढे येतो असं ऐकलंय. आमच्यातला एक जण गालाच्या हाडावर बाटलीनं ठोकतो, म्हणतो की हाडाला बारीक तडे गेले की ते भरताना जाड होतं. माझी हनुवटी खरंच आत आहे. बारीक असूनही डबल चिन दिसते. मुलीसमोर बाजूनं बसायला लाज वाटते. हसू नका प्लीज.

अक्कलदाढ

अरे, कुणीही हसणार नाही. तू विचारलंस हेच चांगलं केलंस.

पहिलं, तुझ्या मित्राला आज रात्रीच थांबव. हाड ताण बघून स्वतःची रचना बदलतं हे खरं आहे, पण ते रोजच्या, सौम्य, सततच्या भाराबद्दल. ठोकून मिळते ती सूज, आणि सूज दोन दिवस गाल उचललेला दाखवते म्हणून त्याला वाटतं उपाय लागू पडला. गालाच्या हाडाखालून एक मज्जातंतू बाहेर येतो. तो दुखावला तर वरचा ओठ आणि गाल बधिर होतात. डोळ्याच्या खोबणीचा तळ कागदासारखा पातळ असतो, तो फुटला तर एकाचे दोन दिसायला लागतात. मी अपघातात अशी हाडं मोडलेली माणसं रोज बघते, त्यांच्यातल्या एकाचाही चेहरा त्यानं सुधारलेला नाही.

दुसरं, जीभ टाळूला. हे ब्रिटनमधल्या जॉन म्यू आणि त्यांचा मुलगा माइक म्यू यांच्यामुळे पसरलं. जीभ वर टेकवून, ओठ मिटून, नाकानं श्वास घेणं ही चांगलीच सवय आहे, पण वाढ झालेल्या माणसाचा जबडा त्यानं पुढे येतो याला पुरावा नाही. बाप-लेक दोघांचीही दंतवैद्यकीची नोंदणी तिथल्या परिषदेनं काढून घेतली.

तिसरं, तुझी हनुवटी. बारीक माणसाला डबल चिन दिसण्याची दोन कारणं मला सारखी भेटतात. एक तर खालचा जबडा लहान किंवा मागे, त्यामुळे हनुवटीखालची कातडी ताणलीच जात नाही. किंवा गळ्यातलं हायॉइड नावाचं छोटं हाड जरा खाली बसलेलं, त्यामुळे मान आणि हनुवटीमधला कोन बोथट. दोन्हींत चरबीचा दोष नाही आणि उपाशी राहून उपयोग नाही. चरबी विरघळवायचं इंजेक्शनही अशा गळ्यावर वाया जातं.

एका बाजूनं काढायचा एक्स-रे असतो, सेफॅलोग्राम. त्यात कवटीच्या तळापासून दोन्ही जबडे किती पुढे-मागे आहेत ते मोजता येतं. तो ऑर्थोडॉन्टिस्टकडून, म्हणजे दात-जबडे जुळवणाऱ्या दंतवैद्याकडून, काढून घे. दात नीट चावतात, फरक थोडा आहे, असं निघालं तर निश्चिंत हो. चावा बिघडलेला असेल, रात्री घोरत असशील, दम लागून जाग येत असेल तर तो उपचाराचा विषय आहे, दिसण्याचा नाही. वाढ थांबल्यावर जबडा किंवा नुसतं हनुवटीचं हाड पुढे सरकवता येतं. ती मोठी शस्त्रक्रिया आहे, आधी ब्रेसेस, नंतर काही आठवडे मऊ जेवण. पण योग्य माणसासाठी ती फार गुणकारी आहे. घाई नको, आईवडिलांना सोबत ने.

मातीकाम

कट्टा, मी एक सांगू? ज्या डोक्यांसाठी माझे हात शिवशिवतात ती सगळी अशीच असतात, कुणाची हनुवटी आत, कुणाचं नाक बाकदार, कुणाचे गाल वर. व्हिडिओतल्या जबड्यांचं शिल्प करायला घेतलं तर चार डोक्यांनंतर ती एकमेकांपासून वेगळी करता येणार नाहीत. एक्स-रे काढच. पण बाजूनं बसायला लाजू नको.

जुनं_पुणं

नाकाचा विषय निघाला म्हणून. नाक नव्यानं बसवण्याची जगाला माहीत झालेली शस्त्रक्रिया आपल्या पुण्यातली आहे. टिपूच्या युद्धात इंग्रजी फौजेचा एक मराठी बैलगाडीवाला पकडला गेला आणि त्याचं नाक कापलं गेलं. वर्षभरानं पुण्यात विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. आधी मेणाचा पातळ नमुना नाकाच्या जागी बसवून माप घेतलं, तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि भोवती रेघ मारली. हे वर्णन लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये ऑक्टोबर १७९४ ला छापून आलं. ते वाचून कार्प्यू नावाच्या इंग्रज सर्जननं १८१४ मध्ये तिकडे पहिल्यांदा तसं नाक केलं.

अक्कलदाढ

हो, आणि कपाळाची कातडी वापरून नाक करायची ती रीत आजही आम्ही वापरतो. फरक एवढाच की आता आत कूर्चेचा आधारही देतो. नुसती कातडी हळूहळू आकसते.

पिंपळपान

माझा मुलगा सात वर्षांचा. सतत तोंड उघडं, झोपेत घोरतो, वारंवार सर्दी. नातेवाईक म्हणतात चेहरा लांबट होत चाललाय. यात खरंच काही आहे का?

अक्कलदाढ

आहे, आणि या धाग्यावरचा सगळ्यात वेळेवर विचारलेला प्रश्न तुमचा आहे. नाकामागच्या ॲडिनॉइड नावाच्या गाठी वाढल्या की मूल तोंडानं श्वास घेतं. जीभ टाळूवरून खाली येते, वरचा जबडा अरुंद राहतो, खालचा खाली आणि मागे झुकून वाढतो. चेहरा उभट, ओठ न मिटणारे, वरचे दात पुढे. सातव्या वर्षी हाड अजून वळतं. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ, मग लहान मुलांचा दंतवैद्य किंवा ऑर्थोडॉन्टिस्ट. पंधराव्या वर्षापर्यंत थांबू नका. झोपेत श्वास अडकत असेल तर या आठवड्यातच जा.

शेवंती

मला एका आजारासाठी स्टेरॉइड चालू आहे. चेहरा चंद्रासारखा गोल झालाय, आरशात मी मलाच ओळखत नाही. गोळ्या बंद कराव्यात असं रोज मनात येतं.

तपासणी

शेवंतीताई, गोळ्या स्वतःहून एकदम बंद करू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे अंगातलं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवायचं थांबवतं. गोळी अचानक थांबली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. गाल आणि कानशिलांवर जमलेली ही चरबी डोस कमी होत गेला की काही महिन्यांत ओसरते. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की चेहऱ्याचा त्रास होतोय. डोस कमी करता येईल का, दुसरं औषध जोडता येईल का, हे ते बघतील. मीठ बेतानं घ्या.

बाकीच्यांसाठीही लिहितो, कारण चेहरा बदलला की लोक आधी ब्युटी पार्लर गाठतात. सकाळी डोळ्यांभोवती सूज येते आणि राहते, तर लघवीची तपासणी करा, मूत्रपिंडातून प्रथिनं जात असतील. चेहरा फुगलेला, आवाज घोगरा, थंडी जास्त वाजते, तर थायरॉइड. चाळिशीनंतर जबडा पुढे यायला लागला, दातांत फटी पडल्या, अंगठी बोटात जाईना, तर मेंदूखालची पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथी तपासा. त्या वयात हाड स्वतःहून वाढत नसतं.

आणि खप्पड गालांबद्दल एक आठवण. एचआयव्हीसाठी पूर्वी स्टॅव्ह्युडिन नावाचं औषध सर्रास असायचं. माणसं जगली, पण गालांतली चरबी वितळून जायची, आणि त्या चेहऱ्यावरूनच वस्तीत आजार ओळखला जायचा. लोक तेवढ्यासाठी औषध सोडायचे. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ते औषध टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितलं. त्या रुग्णांनी गालावर एवढीशी चरबी परत यावी म्हणून काय काय दिलं असतं! भाच्याला हे जरूर वाचायला द्या.

सोनचाफा

चेहऱ्याच्या योगासनांबद्दल कुणी सांगेल का? एक गुळगुळीत दगडही मिळतो गालावर फिरवायला.

तपासणी

दगड फिरवून साचलेलं पाणी तासाभरासाठी हलतं, चरबी नाही. चेहऱ्याच्या व्यायामांवर अमेरिकेत एक छोटा अभ्यास २०१८ मध्ये आला. चाळीस ते पासष्ट वयाच्या सोळा बायकांनी वीस आठवडे व्यायाम पूर्ण केले आणि त्यांचे गाल थोडे भरलेले दिसले. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे फार भर देता येत नाही. पण लक्षात घ्या, तिथेही गाल भरले, उतरले नाहीत.

माळीण_आळी

माझ्या वडिलांचे सगळे दात गेलेत. तंबाखू-सुपारी आयुष्यभर. गाल पार आत, नाक आणि हनुवटी जवळ आल्यासारखी. वय सत्तरच, पण नव्वदचे दिसतात. कवळी करावी म्हणतो, तर ते म्हणतात आता कशाला. कवळीनं चेहरा भरतो का?

अक्कलदाढ

भरतो, आणि बराच भरतो. गाल आणि ओठ आतून दातांनी तोललेले असतात. दात गेले की ज्या हाडात ते रुतलेले असतात ते जिरायला लागतं, पहिल्या वर्षी सगळ्यात वेगानं, आणि वरच्यापेक्षा खालच्या जबड्याचं जास्त. वरचा आणि खालचा जबडा जवळ येतो, चेहऱ्याचा खालचा तिसरा भाग बुटका होतो, ओठांच्या कोपऱ्यांत लाळ साचून चिरा पडतात. उत्खनन यांनी लिहिलेली ती बारीक कमान हीच. त्यामुळे उशीर केला तर कवळी बसायला हाडच उरत नाही.

पण आधी तोंड किती उघडतं ते बघा. त्यांना स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी तोंडात घालायला सांगा. जात नसतील, गालांच्या आत पांढरट, ताठ पट्टे लागत असतील, तिखट झोंबत असेल, तर सुपारीमुळे गालाचा लवचीकपणा गेलाय. त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. तसं असेल तर कवळीच्या आधी तपासणी, गरज पडली तर तुकडा काढून. सुपारी-तंबाखू त्याच दिवशी बंद. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण साधी सुपारीही हेच करते.

तोंड नीट उघडत असेल तर कवळीसाठी माप द्यायला जाताना त्यांचा दात असतानाचा जुना फोटो घेऊन जा, शक्यतो हसतानाचा. दोन जबड्यांत किती अंतर ठेवायचं आणि वरचा ओठ किती पुढे उचलायचा, हे त्यावरून ठरवायला फार मदत होते. मेणावर दात लावून दाखवतील तेव्हा आईंना सोबत न्या आणि पक्कं करायच्या आधी त्यांना बघू द्या. त्या टप्प्यावर बदल करता येतात, नंतर नाही.